चांगल्या वर्तणुकीची हमी

नारळ फुटला आणि अप्पांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर वरून टाकला.

वीतभर उंचीवरून. बोटाला बोट लागू नये म्हणून. तुकडा निसटला आणि धुळीत पडला. पारावर सगळे बसलेले होते, मी खाली उभी होते. "उचल की," कुणीतरी म्हणालं. मी वाकले. नेमका तेव्हाच मोबाईलवर फोटो निघाला.

त्याच्या आधी दोन मिनिटं मी माफी मागितली होती. शब्द माझे नव्हते. अप्पांनी एकेक सांगितला आणि मी पाठोपाठ म्हटला. "माझं चुकलं. गावाची बदनामी होईल असं पुन्हा वागणार न्हाई." माफी मागितली ती अप्पांच्या मुलाची, बाळूची. तो पारावर मांडी घालून मोबाईल बघत होता. मान वर करून "बरं, बरं" म्हणाला. त्याला माफी मागायला कुणी सांगितलं नाही.

अप्पा आमच्या गावच्या तंटामुक्त समितीचे अध्यक्ष. तालुक्याला, लोह्याच्या मोंढ्यात त्यांची आडत, गावात काळी जमीन, देवळाच्या दारावर देणगीदार म्हणून नाव. माणूस गोड बोलणारा. मी त्याच गावच्या अंगणवाडीतली मदतनीस. पोरं मला मावशी म्हणतात, मोठी माणसं आया म्हणतात. आमची वस्ती मातंगांची, गावाच्या खालच्या अंगाला.

माझी चूक काय होती ते सांगते.

अंगणवाडीला पुढं पत्र्याचा व्हरांडा आहे. गावाच्या कडेला, वाऱ्याला चांगला. दिवस मावळला की बाळू आणि त्याचे चार-पाच दोस्त तिथं बसायचे. पिऊन झालं की बाटल्या भिंतीवर मारायचे, कुणाची जास्त बारीक फुटते त्याची शर्यत. सकाळी मी कुलूप उघडायला जायची तेव्हा उंबऱ्यापर्यंत काचा. गुटख्याच्या पिचकाऱ्या. पोरांच्या पाण्याच्या टाकीमागं ओलं. मी आधी हातानं मोठ्या काचा वेचायची, मग झाडायची, मग ओल्या फडक्यानं फरशी पुसायची, कारण बारीक चुरा झाडूत येत नाही. पोरं यायच्या आत हे सगळं. सेविकाबाईंना, म्हणजे माझ्या वरच्या बाईंना, मी रोज सांगायची. त्या म्हणायच्या, "मला यात ओढू नको गं. माझं सासर बाळूच्याच आळीत हाय."

खोटं कशाला बोलू, बाकीच्यांपुढं मी दोन वर्षं गप्प राहिले. झाडलं की झालं, असं मला वाटायचं. आपलं कामच झाडायचं.

मग एक दिवस तीन वर्षांच्या एका पोरीच्या तळपायात काच गेली. खिचडीची ताटली घेऊन ती उठली आणि एकदम खाली बसली. रडली पण नाही आधी. पायाखाली लाल झालं तेव्हा ओरडली. मी तिला कडेवर घेऊन रस्त्यानं पळाले. उपकेंद्रात नर्सबाईंनी काच काढली. ती चिमट्यात धरून मला दाखवली आणि म्हणाल्या, "नीट झाडत न्हाईस का?"

पोरीची आई माझ्याच वस्तीतली. तिनंही तेच विचारलं. हे मला जास्त लागलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी व्हरांड्याशी गेले. बाळू होता. मी म्हटलं, "बाळूभाऊ, लेकराच्या पायात काच गेली. इथं नका बसू." तो हसला. दोस्तांकडं बघून म्हणाला, "आया, तुला ठेवली कशाला? झाडायला. मग झाड की." त्याच्या हातातली बाटली अजून अर्धी भरलेली होती. ती त्यानं सावकाश रिकामी केली आणि माझ्या पायाच्या पुढं फोडली. जातीवरून एक शब्द बोलला नाही. तेवढं शहाणपण त्याला आहे.

मी सरपंचाला सांगितलं. "बघू." ग्रामसेवकाला सांगितलं. "अर्ज द्या." अर्ज दिला. अर्जाची पोच मागितली तर म्हणाले, "विश्वास न्हाई का?"

त्यानंतर मी काचा फेकायचं बंद केलं. रोजच्या काचा एका खताच्या पोत्यात भरून ठेवायला लागले. पोतं भरलं. ग्रामसभा होती त्या दिवशी मी ते डोक्यावर घेऊन गेले आणि ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांवर ओतलं. आवाज असा झाला की आत चाललेलं भाषण थांबलं. मी म्हटलं, "हे आमच्या लेकरायच्या शाळेतलं. तुम्ही झाडा आता."

ही माझी चूक. गावाच्या वेशीत तंटामुक्त गाव म्हणून पाटी आहे. बक्षीस मिळालेलं गाव. त्या गावच्या पायऱ्यांवर मी काचा ओतल्या. चौथ्या दिवशी समितीनं मला पारापाशी बोलावलं.

आमच्याकडं तंटा मिटवायची रीत ठरलेली आहे. दोन्ही बाजूंना उभं करायचं. दोघांचं थोडं थोडं चुकलं असं म्हणायचं. नारळ फोडायचा, खोबरं वाटायचं, फोटो काढायचा, वहीत सही घ्यायची. बांधाचं भांडण असो, नवरा-बायकोचं असो, नाहीतर कुणी कुणाला मारलेलं असो. दोघांचं थोडं थोडं चुकलेलं असतंच. वहीत काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. मी नववीपर्यंत शिकलेली आहे, मला वाचता येतं. पण मला तिथून लवकर निघायचं होतं. हातात धूळ लागलेलं खोबरं होतं. मी सही केली आणि चालू लागले. त्या सहीची मला आज पण चीड येते, दुसऱ्या कुणाची नाही, माझीच.

फोटो गावाच्या ग्रुपवर गेला. खाली लिहिलं होतं, आणखी एक तंटा सामोपचाराने मिटला. माझा नवरा लातूरला डाळमिलमध्ये हमाल आहे, महिन्यातून एकदा येतो. त्यानं तिथं बसून तो फोटो बघितला. फोन केला. "वाकून काय उचलायलीस गं तू त्याच्यात?" मी म्हटलं, "खोबरं." त्यानं मग मुलाचा अभ्यास कसा चाललाय ते विचारलं.

आठ दिवस व्हरांडा स्वच्छ होता. नवव्या दिवशी पुन्हा काचा. आता भिंतीवर नाही, बरोबर उंबऱ्यावर फोडलेल्या. आणि मी रस्त्यानं चालले की मोटारसायकलवरून आवाज यायचा, "ए तंटामुक्त! तंटामुक्त चालली!" आठवड्याभरात गावाला माझं हेच नाव पाठ झालं. लहान पोरं पण म्हणायला लागली. ज्यांचं नाक मी पुसलं होतं ती पोरं.

मी लोह्याला पोलीस ठाण्यात गेले. एकटीच. वस्तीतल्या दोघी येते म्हणाल्या होत्या, सकाळी एकीला ताप आला आणि दुसरीच्या घरी पाहुणे आले. ठाण्यात जमादारांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता, पाणी पण दिलं. म्हणाले, "गावातच मिटवायचं असतंय असलं."

"मिटवलं होतं साहेब. पुन्हा झालं."

"म्हणजे समितीपुढं झालेलं हाय? वहीत नोंद हाय?"

"हाव."

"मग झालं तर. आम्ही बघतो."

मला बरं वाटलं. येताना एसटीत खिडकीपाशी बसून मी विचार करत होते, की चला, नोंद आहे, सही आहे, त्याचा काहीतरी उपयोग झाला.

पंधरा-वीस दिवसांनी कोतवाल नोटीस घेऊन आला. तहसील कार्यालयाची. मी ओट्यावर बसून वाचली. बाळूचं नाव होतं आणि त्याच्या खाली माझं नाव होतं. दोघांमध्ये तंटा असून दोघांकडून सार्वजनिक शांततेचा भंग होण्याचा संभव आहे. सबब एका वर्षासाठी चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र आपणाकडून का घेण्यात येऊ नये, याची कारणे दाखवा. पुरावा काय, तर समितीच्या वहीची नक्कल. त्यात लिहिलेलं होतं, उभय पक्षांनी आपली चूक मान्य केली आहे. खाली माझी सही. वळणदार, नववीतली.

मी तीन वेळा वाचलं. तक्रार कुणी केली होती? मी. काचा कुणी वेचल्या? मी. आणि मीच उपद्रवी.

याला चॅप्टर केस म्हणतात; पोलीस तहसीलदारांकडं पाठवतात आणि तिथं शांततेची हमी लिहून घेतात. नवीन कायद्यात कलमाचा आकडा बदललाय, पण जमादार अजून एकशे सातच म्हणतात. मी फोन केला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "दोन्ही पार्टीवर करावं लागतंय बाई. एकावर केलं तर दुसरा म्हणतो पोलिसांनी बाजू घेतली. त्यात काही न्हाई, एक सही करायची अन् घरी जायचं."

दोन्ही पार्टी. बाळूच्या मागं आडत, जमीन, अध्यक्ष बाप. माझ्या मागं काय होतं? तरी पार्टी दोन.

नोटीस आल्याचं वस्तीत कळलं आणि माझ्याशी बोलणं कमी झालं. भांडण कुणी केलं नाही. भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं. हापशावर मी गेले की बायकांचं बोलणं थांबायचं, घागर भरून मी निघाले की पुन्हा सुरू व्हायचं. त्यांना दोष कसा देऊ? निम्म्या वस्तीला अप्पांच्या शेतात काम मिळतं. जिच्या पोरीच्या पायात काच गेली होती तिनं पोरगी अंगणवाडीत पाठवायचं बंद केलं. म्हणाली, "तुझं काय ते मिटू दे आधी." माझं! मी रात्रीचा स्वयंपाक करून मुलाला वाढायची आणि पाटावर समोर बसून राहायची. तो दहावीत होता. एकदा म्हणाला, "मम्मी, वर्गात मला पण तंटामुक्त म्हणतात." चुलीकडं तोंड करून रडले. इतकं एकटं मला आई गेली तेव्हा पण वाटलं नव्हतं. आई गेली तेव्हा माणसं आली होती.

नवऱ्यानं फोनवर सांगितलं, "सही कर अन् मोकळी हो. साऱ्या गावाशी वैर घेऊन कुठं राहायचं आपुन?"

मी पण तसंच ठरवलं होतं. हे कबूल केलं पाहिजे. तारखेच्या दिवशी मी सही करायलाच घरातून निघाले.

तहसीलच्या आवारात लिंबाखाली एक म्हातारे अर्जनवीस बसतात. त्यांना मी नोटीस दाखवली. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "जामीनदार आणलाय का? बंधपत्राला जामीनदार लागतो. तू नीट वागशील ह्याची हमी घेणारा."

मला हे माहीत नव्हतं. मी तिथूनच वस्तीतल्या चौघांना फोन लावले. एकानं उचलला. "शेतात हाय, नंतर बोलू."

आत कारकुनाच्या टेबलापुढं गर्दी होती. बाळू आणि अप्पा वकील घेऊन आले होते. बाळूनं छापील कागदावर सही केली. त्याचा जामीनदार म्हणून त्याच्या चुलत्यानं केली. दोन मिनिटांत झालं. बाळू बाहेर जाऊन चहा प्यायला लागला. मग माझं नाव पुकारलं.

"जामीनदार कोण?" कारकुनानं विचारलं.

मी उभीच. मला लाज वाटत होती. अख्ख्या गावात माझ्या चांगल्या वागण्याची हमी घेणारं एक माणूस मला मिळालं नव्हतं.

तेव्हा मागून अप्पा पुढं आले. हसतमुखानं. "मी राहतो की जामीन हिला. आमच्याच गावची लेक हाय."

कारकून म्हणाला, "वा, अप्पा. असा अध्यक्ष पाहिजे." वकील हसला. जमादारांनी पण मान डोलावली. सगळ्यांच्या तोंडावर समाधान होतं. किती मोठ्या मनाचा माणूस. अप्पांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्यासमोर धरलं. या वेळी वरून टाकलं नाही, हातात दिलं. कागदावर बोट ठेवून म्हणाले, "हितं कर. घाबरू नको. आता तुझी जबाबदारी माझ्यावर. वर्षभर तेवढी गप राहा म्हणजे झालं."

गप राहा.

मी कागद वाचला. या वेळी वाचला. शांतता राखीन, वर्तणूक चांगली ठेवीन, न ठेवल्यास जामीनदार जबाबदार. म्हणजे उद्या उंबऱ्यावर काचा पडल्या आणि मी तोंड उघडलं, तर ती माझी वाईट वर्तणूक. आणि मी चांगली की वाईट हे सांगणार अप्पा. ज्यांच्या पोरानं बाटली माझ्या पायापुढं फोडली, ते वर्षभर माझे मालक. कायद्याच्या कागदावर, शिक्क्यासकट. पारावर निदान शिक्का नव्हता.

माझ्या अंगात काय शिरलं मला सांगता येत नाही. धैर्य-बिर्य नव्हतं ते. फक्त एक गोष्ट लख्ख दिसत होती, की हा कागद मी करून दिला तर मी परत माणूस म्हणून बोलू शकणार नाही. मुलाशी पण नाही.

मी पेन टेबलावर ठेवलं. म्हटलं, "अप्पा, तुमच्या पोराला जामीन राहा. मला न्हाई लागत."

जमादार माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ए बाई, आत जायचं हाय का?"

"न्यायचं तर न्या."

मला साहेबांसमोर नेलं. तहसीलदार तरुण होते, दमलेले दिसत होते, समोर फायलींचा ढीग होता. म्हणाले, "बाई, हे नेहमीचं प्रकरण आहे. सगळेच सही करतात. तुम्हाला काही शिक्षा नाही होत."

मी नोटीस त्यांच्यापुढं ठेवली. "साहेब, ह्याच्यात लिहिलंय कारणे दाखवा. मला कारण दाखवायचंय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग नोटिशीकडं. तो छापील मजकूर त्यांनीही बहुधा बऱ्याच दिवसांनी वाचला असावा. म्हणाले, "जबाब द्यायचाय तुम्हाला?"

"हाव. लिहून घ्या. अन् चौकशी करा. कोण शांतता मोडतंय ते बघा. माझी वागणूक चांगलीच हाय. ती कुणाच्या हमीवर न्हाई."

साहेबांनी कारकुनाला कागद आणायला सांगितला. कारकुनाकडं छापील बंधपत्रांचा गठ्ठा होता. जबाब लिहायला कोरा कागद नव्हता. तो शोधायला दहा मिनिटं गेली. मी उभी राहून सगळं सांगितलं. व्हरांडा, काचा, पोरीचा पाय, पोतं, पार, खोबरं. लिहिणारा मध्येच म्हणाला, "खोबऱ्याचं कशाला?" मी म्हटलं, "लिहा." साहेब म्हणाले, "लिहा ते." जबाब वाचून घेतला, दोन शब्द दुरुस्त करायला लावले, मग सही केली. साहेबांनी पुढची तारीख दिली. मला कुणी आत टाकलं नाही.

बाहेर आले तेव्हा आमच्या गावची जीप निघून गेली होती. मी स्टँडपर्यंत चालत गेले.

यानंतर सगळं नीट झालं असं मी सांगणार नाही. काही नीट झालेलं नाही. काचा अजून पडतात. सेविकाबाईंनी माझ्याविरुद्ध वर कळवलंय की मदतनीस तारखांच्या नावाखाली गैरहजर राहते. हापशावर बायका अजून थांबतात. नवरा महिन्यातून एकदा येतो आणि दुसऱ्या दिवशीच जातो. मुलगा मात्र एकदा लोह्याला माझ्याबरोबर आला होता, बाहेर लिंबाखाली बसून राहिला.

आतापर्यंत तीन तारखा झाल्या. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा फाईल सापडेना, एकदा नुसतीच पुढची तारीख. त्या म्हाताऱ्या अर्जनविसांनी मला समजावून सांगितलं, "चौकशी सहा महिन्यांत पुरी न्हाई झाली तर असलं प्रकरण आपोआप बंद पडतंय. तू निवांत घरी बस. तुझी सही न्हाई, काही न्हाई. जिंकलीसच समज." अप्पांचा निरोप पण तसाच आला आहे. आता विषय वाढवू नको, आपोआप मरेल.

त्यांना सगळ्यांना ते मेलेलं पाहिजे. बाळूला, समितीला, ठाण्याला, कारकुनाला. मी सुटले म्हणून खूश व्हावं आणि जबाब फाईलमध्ये कुजावा.

मला सुटायचं नाही. मला हे प्रकरण चालवायचंय. येत्या तारखेला मी अर्ज देणार आहे, माझ्या हातानं लिहिलेला. सहा महिन्यांच्या आत चौकशी पुरी करा. सेविकाबाईंना बोलवा, नर्सबाईंना बोलवा, ग्रामसेवकाला बोलवा, समितीची मूळ वही मागवा आणि अध्यक्षांना शपथेवर विचारा की माझी चूक नेमकी कोणती होती. अर्जाची पोच घेतल्याशिवाय मी टेबलापासून हलणार नाही. कुणी साक्षीला आलं नाही, तर आलं नाही असं लिहून घ्या म्हणणार.

आणि मुदत संपून प्रकरण बंद पडलं, तर मी त्याच दिवशी ठाण्यात जाऊन नव्यानं तक्रार देणार. पुन्हा दोन्ही पार्टीवर करू देत. पुन्हा नोटीस येऊ देत. मी पुन्हा कारण दाखवीन.